लाइव्ह सीडीनंतर संगणक सुरू होत नसेल तर

लाइव्ह सीडीवरची (इन्स्टॉल न करता थेट सीडीवरून चालणारी, बहुधा लिनक्स) प्रणाली रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, चालते. 'इन्स्टॉल' निवडले नसेल, तर हार्ड डिस्कवरील विंडोज सहसा जशीच्या तशी असते, म्हणून घाईने फॉरमॅट करू नये. आधी ट्रे उघडून सीडी काढावी, पेन ड्राइव्हही काढावा. पुष्कळदा काम एवढ्यावरच भागते.

काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश येत राहिला, तर संगणक चालू होताच एफ२ किंवा डिलीट कळ (कंपनीगणिक ती बदलते) दाबत राहून बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जावे आणि बूट क्रमात (संगणक कशावरून सुरू व्हावा, त्या यादीत) हार्ड डिस्क किंवा 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर आणावा. खरी गोम बहुधा पुढेच असते: सीडी चालावी म्हणून आपणच यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) बदलून 'लेगसी' (जुनी पद्धत) केलेले असते, आणि जीपीटी या नव्या विभागणी पद्धतीच्या डिस्कवरील विंडोज लेगसीत सुरूच होत नाही. ते पूर्ववत करून एफ१० ने बदल जतन करावेत.

बायोसमध्ये डिस्कच दिसत नसेल, तर वीज काढून तिची केबल तपासावी. डिस्क दिसूनही 'ग्रब रेस्क्यू' (लिनक्सच्या बूटलोडरचा संदेश) आल्यास बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, बिघडलेला असतो. तेव्हा विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कवरून 'स्टार्टअप रिपेअर' चालवून पाहावे.