निळा मॉर्फो पाहायला निघालात? या चुका टाळा

कोस्टा रिकाच्या जंगलात मॉर्फो या निळ्या फुलपाखरामागे कॅमेरा घेऊन धावणारी माणसं पाहिली की जीव हळहळतो. इतक्या लांब यायचं आणि परतताना सोबत काय, तर हललेल्या पानांचे फोटो!

पाठलाग ही सगळ्यात मोठी चूक. मॉर्फोचे पंख वरून झगझगीत निळे, खालून तपकिरी आणि डोळ्यांसारख्या ठिपक्यांचे. उडताना पंख उघडले की निळं चमकतं, मिटले की फुलपाखरू झाडोऱ्यात विरून जातं आणि पुढची चमक भलत्याच जागी दिसते. सारापिकी नदीकाठी पहिल्या खेपेला मी अख्ख्या दोन सकाळी अशाच धावण्यात घालवल्या. चिखलात घसरलो, लेन्स फुटली. तिसऱ्या दिवशी फुलांच्या झुडपापाशी ठाण मांडून बसलो, तेही फुकट गेलं. मॉर्फोला फुलांची फारशी ओढच नसते. त्याला हवं सडकं फळ, झाडातून झिरपणारा रस, ओली माती. चौथ्या दिवशी तिथल्या वाटाड्याने मला एका आंब्याखाली नेलं. खाली पडून आंबलेल्या फळांवर तीन मॉर्फो पंख मिटून बसले होते. हातभर अंतरावरून अर्धा तास पाहत राहिलो. तेव्हापासून कुठेही गेलो की पहिला प्रश्न एकच: इथे फळं कुठे कुजतात?

मिटलेल्या पंखावर घुबडासारखा एकच मोठा डोळा दिसला तर तो मॉर्फो नव्हे, कालिगो हे दुसरं फुलपाखरू.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन. नाव जवळचं वाटलं तरी दोघांची कुळं वेगळी.

फोटोतला निळा संगणकावर भडक करू नका. तो रंगद्रव्याचा नाहीच. पंखावरच्या खवल्यांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परततो, त्यातून तो दिसतो. म्हणून पाऊलभर सरकलात तरी छटा बदलते. समोरून फ्लॅश तर नकोच. पंखाला बोटही लावू नका, खवले झडतात आणि पुन्हा येत नाहीत.

काही जण फुलपाखरू फ्रिजमध्ये गारठवून पंख उघडलेला फोटो मिळवतात. मला याची चीड येते. तो जिवाचा छळ आहे.

उघडे पंख हवेत ना? सकाळचं कोवळं ऊन पानावर आलं की मॉर्फो कधीकधी पंख पसरून ऊन खातो. आदल्या दिवशी उन्हाची जागा हेरून मी उजाडण्यापूर्वीच तिथे जाऊन बसतो. पाचांपैकी चार सकाळी रिकाम्या जातात.