ऑस्ट्रेलियात लहान व्यवसायात नोकरी करताय? काढून टाकलं तर काय करायचं

इथे नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींची पहिली नोकरी बहुतेक वेळा लहान जागीच लागते. किराण्याचं दुकान, रेस्टॉरंटचं किचन, चार-पाच जणांचं अकाउंटंटचं ऑफिस. मालकही बरेचदा आपल्याकडचाच असतो. त्याला दादा म्हणायचं, दिवाळीला त्याच्याकडे जेवायला जायचं, आणि मग एका रात्री "उद्यापासून येऊ नकोस" असा मेसेज येतो. मेलबर्नमध्ये मी हे कितीदा पाहिलंय! माणूस लाजेने आणि संकोचाने तीन-चार आठवडे कुणाशी बोलत नाही, आणि तेवढ्यात दाद मागायची मुदत निघून जाते.

म्हणून मुदत आधी सांगते. नोकरी संपल्यापासून २१ दिवसांत फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे नोकरीतले वाद सोडवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज गेला पाहिजे, मधले शनिवार-रविवार धरून. उशिरा आलेला अर्ज अगदी अपवाद म्हणूनच घेतात, आणि "मला नियम माहीत नव्हता" हे त्यांना पुरेसं कारण वाटत नाही. फी शंभर डॉलरच्या आत आहे, हाती पैसेच नसतील तर माफीही मागता येते.

आता मालकाकडे माणसं किती, हे बघा. १५ पेक्षा कमी असतील तर कायद्याच्या लेखी तो लहान व्यवसाय, आणि तिथे पूर्ण १२ महिने काम केल्याशिवाय अन्यायाने काढल्याची तक्रार करता येत नाही. १५ किंवा जास्त असतील तर ६ महिने पुरतात. या आकड्यावर बरंच काही ठरतं, आणि मालक तो नेहमी कमीच सांगतो. मोजताना डोकी मोजायची, तास नाही. नियमित येणारे कॅज्युअल (कायम नेमणूक नसलेले, कामाच्या तासांवर पैसे घेणारे) त्यात धरायचे, ज्याला काढलं तोही धरायचा. मालकाची दोन रेस्टॉरंटं आणि एक ग्रोसरी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावावर असली, तरी त्या एकाच माणसाच्या ताब्यात असल्या तर सहसा सगळ्यांची माणसं एकत्र मोजली जातात. भिंतीवरच्या रोस्टरचा (कोण कधी कामावर, त्या तक्त्याचा) फोटो दर महिन्याला काढून ठेवा. नंतर तो हाती लागत नाही. कॅज्युअल असलात तरी काम नियमित असेल आणि पुढेही मिळत राहील अशी अपेक्षा रास्त असेल, तर तुमचेही महिने मोजले जातात.

लहान मालकासाठी सरकारने वेगळी संहिता केली आहे: स्मॉल बिझनेस फेअर डिसमिसल कोड. ती त्याने पाळली असेल तर काढणं रास्त ठरतं. चोरी, अफरातफर, मारामारी किंवा सुरक्षेचे नियम गंभीरपणे मोडणं, अशा कारणासाठी तो तडकाफडकी काढू शकतो. गुन्हा सिद्ध करायची गरज नाही, पण त्याच्या समजुतीला रास्त आधार लागतो. गल्ला कमी भरला म्हणून काही न विचारता, न तपासता एकाला चोर ठरवणं यात बसत नाही. काम नीट होत नाही असं म्हणणं असेल, तर आधी ताकीद द्यावी लागते: सुधारणा झाली नाही तर नोकरी जाईल, असं स्पष्ट सांगून. तुमचं ऐकून घ्यावं लागतं आणि सुधारायला वेळ द्यावा लागतो. ताकीद तोंडीही चालते, म्हणूनच असं बोलणं झालं की त्याच दिवशी मालकाला साधा मेसेज पाठवा: "आज तुम्ही मला हे सांगितलंत, माझं म्हणणं असं आहे." जिथे नोकरी जाऊ शकते अशा बैठकीत सोबत एखादा माणूस नेता येतो, फक्त तो तुमचा वकील म्हणून बसू शकत नाही.

राजीनाम्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. माझ्या ओळखीतला एक मुलगा १४ महिने एका किचनमध्ये होता. मालकाने टाइप केलेला राजीनामा पुढे केला, "सही कर, रेफरन्स चांगला देतो" म्हणाला. मुलाने सही केली नाही, कागदाचा फोटो काढला आणि घरी आला. पुढे कमिशनच्या फोनवरच्या तडजोडीच्या बोलण्यात मालक म्हणाला, तो स्वतःच सोडून गेला. पण मालकानेच पाठवलेला "उद्यापासून नको" हा मेसेज आणि तो कोरा सहीचा रकाना, दोन्ही समोर होते. काही आठवड्यांच्या पगारावर प्रकरण मिटलं. बहुतेक प्रकरणं अशी फोनवरच मिटतात. आपल्याकडच्या लेबर कोर्टाच्या तारखा डोळ्यापुढे आणून घाबरू नका. कोट्यवधींची आशाही धरू नका: भरपाईला २६ आठवड्यांच्या पगाराची कमाल मर्यादा आहे.

१२ महिने झाले नसतील तर? पगार कमी दिल्याची तक्रार केली म्हणून, गरोदर राहिली म्हणून, आजारपणाची रजा घेतली म्हणून काढलं असेल, तर 'जनरल प्रोटेक्शन्स'खाली अर्ज करता येतो. त्याला किमान महिन्यांची अट नाही, मुदत मात्र तीच २१ दिवसांची. एबीएन (स्वतंत्र व्यावसायिकाचा नोंदणी क्रमांक) काढायला लावून काम करून घेतलं असेल तर आधी तुम्ही नोकर होतात हे दाखवावं लागेल. शिफ्टच्या वेळा कोण ठरवायचं, सामान कुणाचं होतं, हे लिहून ठेवा.

व्हिसाची धमकी ही सगळ्यात घाणेरडी गोष्ट. "इमिग्रेशनला कळवीन" म्हणून दबाव आणणं १ जुलै २०२४ पासून गुन्हा आहे. स्पॉन्सर्ड व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी विमानात बसायची वेळ येत नाही.

कॅज्युअल नसाल तर काढलं तरी नोटिशीचा पगार आणि साठलेली वार्षिक रजा यांचे पैसे द्यावेच लागतात. गंभीर गैरवर्तनासाठी काढलं तर नोटिशीचे मिळत नाहीत, रजेचे मिळतात. पगार थकला असेल तर फेअर वर्क ओंबड्समनकडे जा, ते कमिशनपेक्षा वेगळं ऑफिस आहे. फुकट सल्ल्यासाठी मेलबर्नमध्ये जॉबवॉच, सिडनीत रेडफर्न लीगल सेंटर. फोन करताना हाताशी ठेवा: पेस्लिपा, बँकेतल्या जमा नोंदी, रोस्टरचे फोटो, आणि काढल्याचा मेसेज तारीख-वेळेसकट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकायच्या आत तो मेसेज स्क्रीनशॉट काढून स्वतःला ईमेल करा.