सी भाषेत स्ट्रिंगमधली अक्षरं आणि शब्द कसे मोजायचे

मोजणी चुकते ती बहुतेक वेळा इनपुट घेतानाच. स्कॅनएफ या इनपुट फंक्शनला टक्का-एस (%s) दिलं की पहिल्या स्पेसपाशी वाचन थांबतं, मग वाक्य केवढंही असो, शब्द एकच. अख्खी ओळ वाचणारं गेट्स तर वापरूच नका: अ‍ॅरे भरला तरी ते लिहीतच राहतं, म्हणून सी-11 मध्ये (भाषेच्या 2011 च्या आवृत्तीत) ते भाषेतूनच काढून टाकलं. एफगेट्स घ्या.

80 बाइटांचा कॅर अ‍ॅरे असेल तर एफगेट्स जास्तीत जास्त 79 बाइट वाचतं, कारण शेवटची जागा स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शून्य बाइटसाठी लागते. जागा उरली असेल तर एंटरची न्यूलाइनही स्ट्रिंगमध्येच येते. उत्तर नेमकं एकाने जास्त येतंय? तर हीच ती न्यूलाइन. मोजण्याआधी तिच्या जागी शून्य बाइट ठेवा.

लांबीसाठी स्ट्रलेन आहे, पण लूप एकदा हाताने लिहावा. इंडेक्स 0 पासून सुरू करायचा, शून्य बाइट भेटेपर्यंत एकेक वाढवायचा. थांबला तिथला आकडा म्हणजे लांबी. स्ट्रलेनच वापरायचं असेल तर ते लूपच्या अटीत टाकू नका. दर फेरीला अख्खी स्ट्रिंग पुन्हा मोजली जाऊ शकते.

आता शब्द. ‘स्पेस मोजा आणि एक मिळवा’ ही युक्ती परीक्षेच्या वहीत शोभते. रिकाम्या ओळीलाही ती एक शब्द देते. त्यापेक्षा ‘आत’ नावाचा एक फ्लॅग ठेवा, सुरुवातीला 0. स्पेस, टॅब किंवा न्यूलाइन दिसली की आत 0 करा. दुसरं काहीही दिसलं आणि आत 0 असेल, तर शब्दांचा काउंटर एकाने वाढवा आणि आत 1 करा. आत आधीच 1 असेल तर काहीच करायचं नाही. म्हणजे आपण शब्दाची फक्त सुरुवात मोजतो.

‘आज  पाऊस आहे’ घ्या, ‘आज’नंतर मुद्दाम दोन स्पेस. ‘आ’चा पहिला बाइट येताच शब्द 1. पहिल्या स्पेसला आत 0. दुसऱ्या स्पेसला तो 0 होताच. ‘पा’पाशी शब्द 2, ‘आहे’पाशी 3. स्पेस मोजणारी युक्ती इथे 4 सांगेल. तुमच्या प्रोग्रॅममध्ये शब्द कायम 0 येत असतील तर फ्लॅग तपासताना दोनऐवजी एकच बरोबर-चिन्ह पडलंय का ते बघा.

याच ओळीला स्ट्रलेन 30 देतं, तेही न्यूलाइन काढल्यावर. स्ट्रलेन बाइट मोजतं, आणि यूटीएफ-8 मध्ये (ही मजकूर बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं: ‘न’ म्हणजे 224, 164, 168. इथे 9 चिन्हांचे 27 आणि स्पेसचे 3. चिन्हं मोजायची तर प्रत्येक बाइटचा 192 शी बिटवाइज अँड (&, बिटला बिट लावून) घ्या; उत्तर 128 आलं तर तो चिन्हाचा पुढचा तुकडा, तो सोडून द्या. उरलेले मोजा: 12 येतील.

पण चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘नमस्कार’मध्ये बाइट 21, चिन्हं 7 आणि आपण म्हणतो ती अक्षरं 4, कारण हलन्त आणि काना ही वेगळी चिन्हं आहेत. अक्षरं हवी असतील तर मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त आणि हलन्तानंतर लगेच येणारं व्यंजन, हे सगळं वगळावं लागतं.

80 चा अ‍ॅरे मराठीला तोकडा पडतो तो यामुळेच. 79 बाइटांत 26 चिन्हं मावतात आणि सत्ताविसाव्याचा एकच बाइट आत येतो. स्क्रीनवर शेवटी प्रश्नचिन्ह किंवा चौकोन दिसला तर दोष फॉन्टचा नाही. अ‍ॅरे 500 चा करा.

स्पेस-टॅब ओळखायला इझस्पेस हे फंक्शन वापरणार असाल तर बाइट आधी अनसाइन्ड कॅरमध्ये (ज्यात ऋण आकडे नसतात) बदलून द्या. बऱ्याच कंपायलरवर साधा कॅर साइन्ड, म्हणजे ऋण आकडेही धरणारा असतो, त्यामुळे 224 चा होतो उणे 32, आणि अशा ऋण आकड्यावर इझस्पेस काय करेल याची सी भाषा काहीच हमी देत नाही.