जॉनी कॅशचा ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ कसा ऐकावा

मी निवृत्त लोको पायलट. वडील गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, कसारा-इगतपुरी घाटात. त्यामुळे संगीतातलं काही कळत नसलं तरी १९६३च्या या अमेरिकन कंट्री अल्बमबद्दल चार गोष्टी सांगायचा थोडा हक्क आहे असं समजतो. नऊ गाणी, सगळी राबणाऱ्या माणसांची.

आधी मोबाइलवरचं शफल बंद करा. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते चालूच राहिलं होतं. तिसऱ्या गाण्यानंतर आठवं, मग पहिलं. रद्दी वाटली. क्रमाने ऐकायला साधारण अर्धा तास लागतो. त्यातली आठ मिनिटं पहिलंच गाणं खातं.

ते आहे जॉन हेन्रीचं. दंतकथा अशी की १८७०च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियात रेल्वेचा बोगदा खोदताना हा काळा मजूर वाफेच्या ड्रिलशी पैज लावतो, जिंकतो आणि तिथेच मरतो. हे गाणं पोवाड्यासारखं ऐका. चाल मध्येच संथ होते, मध्येच धावते, कॅश गाता गाता बोलायला लागतो. शेरीफ, म्हणजे तिकडचा पोलीस अधिकारी, पकडायला येण्याआधी जॉन हेन्रीचा बाप मध्यरात्री पोराला उठवून सांगतो, रूळ टाकायला शीक, कुदळ-फावडं शीक, माझा हातोडा घे. इस्टेट म्हणावी तर एवढीच.

आता कान लोखंडाच्या ठणठणीकडे ठेवा. एक गडी छिन्नी धरून प्रत्येक घावानंतर ती फिरवतो, दुसरा घाव घालतो. घाव चुकला तर धरणाऱ्याचा हात गेला. म्हणून ताल लागतो, हौस म्हणून नाही. स्लीपरखाली खडी ठोकताना वडिलांच्या गँगमध्येही असंच चालायचं. रूळ सरकवायचा तर मेट, म्हणजे गँगचा मुकादम, ओरडायचा, बाकीचे ‘हैशा’ म्हणत पहारीवर एकदम भार टाकायचे. एकाने उशीर केला की त्याला तोंडभर शिव्या. हे डोळ्यांसमोर असेल तर सहावं गाणं, नऊ पौंडी हातोड्याचं, आपोआप कळतं. नऊ पौंड म्हणजे चार किलो. उचलून बघा, मग दिवसभर तो चालवायची कल्पना करा. हे गाणं लोकप्रिय केलं गायक मर्ल ट्रॅव्हिसने, तो केंटकीच्या कोळसा खाणकामगारांच्या घरातला.

इंग्रजी जड जात असेल तर ऐकण्याआधी शब्द एकदा वाचून घ्या. ‘बस्टेड’ म्हणजे कफल्लक, त्या गाण्यासाठी तर नक्कीच. कापूस पौंडाला पंचवीस सेंटवर आलाय, देणी थकलीत. माणूस भावाकडे उसने मागायला जातो तर भाऊ म्हणतो, मीच तुझ्याकडे यायच्या विचारात होतो! अकोला-यवतमाळकडच्या माणसाला यावर टीप लागणार नाही. गाणं हार्लन हॉवर्डचं असलं तरी कॅश स्वतः आर्कान्सामध्ये डायस इथल्या कापसाच्या शेतात वाढलेला. कदाचित म्हणूनच तो रडत नाही, हिशोब सांगितल्यासारखा म्हणतो.

‘केसी जोन्स’ मात्र मी एकट्याने ऐकतो. केसी हा खराखुरा इंजिन ड्रायव्हर. ३० एप्रिल १९००, मिसिसिपीत व्हॉन स्टेशनजवळ. मेम्फिसहून गाडी दीड तासाच्या आसपास उशिरा सुटलेली, केसीने रात्रीतून जवळजवळ सगळा वेळ भरून काढलेला, आणि वळणावर पुढे मालगाडीचे शेवटचे डबे मेन लाइनवरच उभे. त्याने फायरमन सिम वेबला उडी मारायला सांगितलं, स्वतः ब्रेक सोडला नाही. मेला तो एकटाच. त्याच्यावरचं मूळ गाणं रचलं वॉलेस सॉन्डर्स नावाच्या, शेडमध्ये इंजिनं पुसणाऱ्या काळ्या कामगाराने. आमच्या रेल्वेत त्याला खलाशी म्हटलं असतं. लेट भरून काढण्याचं दडपण ज्याने डोक्यावर घेतलंय त्याला या गाण्याची चाल फारच आनंदी वाटेल. मलाही वाटते. तरी ऐकतो.

‘चेन गँग’ आणि तेलविहिरीवरच्या कामगाराचं ‘रफनेक’ यांवर फार वेळ घालवू नका, ती भरतीची आहेत. तो वेळ ‘अनदर मॅन डन गॉन’ला द्या. वाद्यं जवळजवळ नाहीतच. कॅश एक ओळ म्हणतो, गायिका अनिता कार्टर तीच परत म्हणते, बास. हे हेडफोन लावून, दिवा मालवून ऐका.

‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ फुकट प्रवास करणाऱ्या बेकाराचं आहे. ब्रेक्समन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, त्याला गाडीतून उतरवतो. गंमत म्हणजे १९२८मध्ये ते पहिल्यांदा रेकॉर्ड करणारा जिमी रॉजर्स स्वतःच रेल्वेत ब्रेक्समन होता.

आणि हो, ऑटोप्लेही बंद ठेवा. नाहीतर ‘रफनेक’ संपतं न संपतं तोच मोबाइल कुणाचं तरी प्रेमगीत सुरू करतो.