पावसाळ्यात शेतसंरक्षणाची बंदूक नि काडतुसं कशी जपायची

मृग लागायच्या आधी आपण कौलं बघतो, लाकडं आत घेतो, आगोटीची सगळी तयारी होते, पण कपाटातल्या बंदुकीकडे कोणी ढुंकून बघत नाही. मग भात पोटरीवर आलं, रानडुकरं उतरायला लागली की हिची आठवण, आणि काढून बघावं तर नळी आतून लालभडक. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात देवगड मालवण वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात खारा वारा, त्यामुळे कोकणात बंदूक बार काढून काढून जेवढी खराब होते त्याच्यापेक्षा जास्त नुसती ठेवून होते.

पहिलं काम, ती रिकामी आहे का ते बघणं. काडतुसाची असेल तर उघडून डोळ्याने बघा आणि बोट पण घालून बघा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवूनच साफसफाईला बसा. ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची असेल तर जरा जास्त लक्ष द्या, कारण ती भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही आणि आधीच्या माणसाने सांगितलेलं असतं "रिकामीच आहे". रिकामी असल्याची पक्की खात्री असताना एकदा गज (दारू ठासायची लांब काठी) पूर्ण आत सोडून तोंडाशी येतो तिथे गजावर खूण करून ठेवायची. पुढच्या वेळी ती खूण नळीच्या बाहेर राहिली तर आत काहीतरी आहे समजा, आणि तशी असेल तर घरी खटपट करू नका, ओढून बिढून काढायला जाऊ नका, परवानाधारक गनस्मिथला विचारा.

आता ठासणीवाल्यांसाठी. काळ्या दारूची जी राख नळीत राहते त्यात क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात, आणि आपल्या हवेत रात्रीतून गंज धरतो. या राखेला नुसतं तेल पुसून काही होत नाही, क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी कडकडीत गरम पाणी आणि थोडा साबण. निपल (मागच्या टोकाची बारीक तोटी, जिच्यावर ठिणगी पाडणारी टोपी म्हणजे केप बसते) स्पॅनरने सोडवून वेगळं धुवा, नळी दस्त्यावरून निघत असेल तर काढून घ्या, चिंधी गुंडाळलेला गज वरखाली करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पाणी गरमच का, तर नळी तापते आणि आतलं पाणी आपोआप सुकतं, गार पाण्याने धुतली तर कोपऱ्यात ओल राहते. सुकली की लगेच पातळ गन ऑइल, आणि दुसऱ्या दिवशी परत एक कोरडी चिंधी फिरवून बघायची, तांबूस आली तर परत तेल.

काडतुसाच्या बंदुकीला पाणी नको. सॉल्व्हंट, ब्रश, कोरडी चिंधी, मग तेल. तेल म्हणजे चिंधीला लागेल इतपतच, ओतायचं नाही. खोबरेल तर अजिबात नको, घरात डबाच्या डबा आहे म्हणून लावतात, पण ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होऊन घोडा जड चालायला लागतो. बाहेरून हलका गंज असेल तर तेलात भिजवलेली एकदम बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवा, पॉलिश पेपर नको, तो ब्लूइंग (लोखंडावरचा गंज रोखणारा काळसर थर) खरवडून काढतो आणि मग तिथे गंज दुप्पट वेगाने येतो. लाकडी दस्त्याला बुरशी लागते तिथे कोरड्या फडक्याने पुसून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. आणि तेल लावल्यावर एक रात्र नळीचं तोंड खाली करून ठेवायची, नाहीतर जास्तीचं तेल दस्त्यात उतरतं आणि लाकूड नरम पडतं.

ठेवायची कुठे? चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात नको, त्यात ओल कोंडते. कुलुपाच्या कोरड्या कपाटात उभी, भिंतीला न टेकता, खाली सिलिका जेलच्या पुड्या, त्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात. (तांदळाच्या पुरचुंडीने काही होत नाही, तो पावसात स्वतःच ओला होतो.) निवडणुकीत जमा करायची वेळ आली तर आधी तेल लावून द्या आणि परत आली की त्याच दिवशी उघडून बघा.

आता काडतुसं, आणि इथे खरी गंमत आहे. इंग्रजांच्या वेळी हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवायचे आणि त्यांना आपोआप भेगा पडायच्या. १९२१ साली नक्की कारण निघालं, घोड्यांच्या मुतातला अमोनिया. आधीच ताण असलेलं पितळ, त्यात ओल आणि अमोनिया, एवढं पुरे. मग तुम्हीच बघा गोठ्याच्या भिंतीला लागून कपाट असेल तर काय होईल. काडतुसांवर हिरवट डाग आले तर कोरड्या फडक्याने पुसा, भांड्यांच्या पितळी पॉलिशने चकाकवू नका, त्यातल्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो. तेल पण लावू नका, तळाच्या केपमधून आत झिरपलं तर बार मरतो. फ्रीज नको, चुलीवरची फळी नको, घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, वेगळ्या कुलुपात.

जुनी कागदी काडतुसं ओलीने फुगतात. नळीत सहज जात नसेल तर ठोकून घालू नका, बाजूला काढा. आणि डब्यावरची लांबी बघा, ७० मिलिमीटरचं काडतूस ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवलेल्या जुन्या बंदुकीत बसल्यासारखं वाटतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो.

रिकामी पितळी खोकी घरी परत भरायचं कोणी सुचवलं तर नादी लागू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, शेतसंरक्षणाच्या परवान्यात ते येत नाही. नवीन काडतुसं डीलरकडूनच, परवान्यावर नोंद करून.

एवढं करूनही एखादा बार पेटला नाही तर लगेच उघडायची घाई करू नका, काही वेळा केप उशिरा पेटते. तोंड मोकळ्या बाजूला तसंच धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. आवाज बसका आला असेल तर पुढचं काडतूस घालायच्या आधी नळीतून आरपार बघा, आत काही अडकलेलं असू शकतं. न उडालेलं काडतूस विहिरीत, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, वेगळ्या डब्यात ठेवून डीलरला किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.