कमांडरने स्ट्रेचर उचलू नये

आपत्ती हाताळण्याच्या पहिल्याच मोठ्या सरावात मला इन्सिडेंट कमांडर, म्हणजे घटनेची सगळी सूत्रं सांभाळणारी प्रमुख, केलं आणि दहाव्या मिनिटाला मी स्ट्रेचरचं एक टोक धरून पळत होते. प्रशिक्षकांनी वाटेत गाठून एवढंच विचारलं, "आत्ता कमांड कुणाकडे आहे?" कुणाकडेच नव्हती. तिकडे माझ्या रेडिओवर नऊ जण एकाच वेळी मला हाका मारत होते.

या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण आधी इन्सिडेंट कमांड सिस्टिमचा, म्हणजे आपत्तीत कुणी कुणाच्या हाताखाली काय करायचं हे ठरवणाऱ्या पद्धतीचा, तक्ता पाठ करतात. वर कमांड, खाली ऑपरेशन्स (प्रत्यक्ष काम), प्लॅनिंग (आखणी), लॉजिस्टिक्स (साहित्याचा पुरवठा) आणि फायनान्स (खर्च). मीही तेच केलं. पण तक्ता सोपा आहे, हात आवरणं अवघड. एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात जण, शक्यतो पाचच, हा नियम मला पुस्तकी वाटायचा. नऊ आवाज कानात घुसले तेव्हा पटला.

ही पद्धत मुळात जन्मली तीही अशाच गोंधळातून. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनी १३ दिवसांत १६ बळी घेतले, सुमारे ७०० इमारती आणि पाच लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. नंतर उलगडा करताना दिसलं की बंब आणि माणसं कमी पडली त्यापेक्षा ताळमेळ जास्त कमी पडला. प्रत्येक यंत्रणेची भाषा वेगळी, रेडिओ वेगळे, वरिष्ठ वेगळे. म्हणून आजही रेडिओवर सांकेतिक आकडे नकोत, साध्या भाषेत बोला, असा आग्रह असतो.

आणि हो, तक्त्यातली सगळी खोकी भरायची नसतात. तीन जखमींच्या अपघाताला सोळा नावांचा तक्ता मी स्वतः काढलेला आहे! छोट्या घटनेत सगळी कामं एकटा कमांडरच बघतो. पसारा वाढेल तसे विभाग उघडायचे.

खरं शिक्षण मला प्लॅनिंगमध्ये, रिसोर्स युनिटच्या, म्हणजे कोणतं पथक कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या टेबलावर मिळालं. कुणाला नको असलेलं काम. येणाऱ्या प्रत्येक पथकाची २११ क्रमांकाच्या फॉर्मवर नोंद करायची, त्याचं टी-कार्ड (इंग्रजी टी आकाराचं नोंदीचं कार्ड) बनवायचं आणि पथक हलेल तसं ते रॅकमध्ये सरकवायचं: कामावर, तयार, किंवा बंद. एकदा एक पथक स्टेजिंगला, म्हणजे काम मिळेपर्यंत थांबायच्या जागी, न थांबता थेट घटनास्थळी गेलं. संध्याकाळी गणतीत माझ्याकडे त्यांचं कार्डच नाही, आणि ऑपरेशन्सवाले म्हणतात आमची दोन माणसं सापडत नाहीत. चाळीस मिनिटं सगळा सराव थांबला. दोघं जेवायला गेले होते. खऱ्या घटनेत त्या चाळीस मिनिटांत आणखी कुणाला तरी त्यांना शोधायला आत पाठवलं असतं. त्यामुळे नवख्यांनी पहिली ड्यूटी मागताना हेच टेबल मागावं, असं माझं मत. तिथून सगळी घटना दिसते.

लिहिण्याची सवय आधीपासून लावा. २१४ क्रमांकाच्या फॉर्मवर, म्हणजे कामाच्या लॉगमध्ये, 'परिस्थिती नियंत्रणात' लिहिलं तर पुढच्या पाळीला काही कळत नाही. '१४:२०, पंप २ बंद, इंधन संपलं, लॉजिस्टिक्सला कळवलं' असं लिहा. उद्दिष्टांचंही तेच. 'लोकांना वाचवणं' ही इच्छा झाली. 'सहा वाजेपर्यंत पूर्वेकडच्या दोन इमारती रिकाम्या करणं' हे उद्दिष्ट.

अभ्यासाचं म्हणाल तर अमेरिकेच्या फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे आयएस-१००, २०० आणि ७०० हे कोर्स ऑनलाइन, मोफत आहेत. त्यातून शब्द कळतात, बस्स. प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी दोनचार टेबलटॉप, म्हणजे टेबलाभोवती बसून चर्चेतून करायचे, सराव करा आणि निदान एकदा मुद्दाम लॉजिस्टिक्स घ्या. बाराव्या तासाला पाणी आणि बॅटऱ्या कुठून आणायच्या, हे तक्त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

मला अजूनही कमांड सोपवणं जड जातं. समोरासमोर बसायचं, २०१ चा, घटनेची माहिती देणारा, फॉर्म पुढे ठेवायचा, काय झालं, काय चालू आहे, कोण कुठे आहे ते सांगायचं आणि रेडिओवर वेळेसकट जाहीर करायचं. मग उठून जायचं. मागच्या सरावात मी सोपवून झाल्यावरही पाच मिनिटं तिथेच घुटमळले. नव्या कमांडरने शेवटी माझ्या हातातला रेडिओ मागून घेतला.