कुत्र्याला घेऊन बाहेर जेवायला जायचंय? जळगावकरांसाठी गाईड

पुण्या-मुंबईत हॉटेलच्या दारावर ‘पेट फ्रेंडली’ अशी पाटी असते, आत कुत्र्यासाठी वेगळा मेनू पण मिळतो म्हणे. आपल्याकडे जळगावात तशी पाटी शोधत फिरलात तर उपाशीच घरी याल. पण म्हणून कुत्र्याला घरी कोंडून जायची काही गरज नाही, कारण आपल्या इकडच्या अर्ध्या ढाब्यांना मोकळं अंगण असतं, खाली माती, बसायला खाटा आणि वर आभाळ, कुत्र्याला अजून काय पाहिजे. जागा निवडायची कशी, विचारायचं कसं आणि तिथे गेल्यावर सांभाळायचं काय, एवढं जमलं की झालं. मी पिंप्राळ्याकडे राहतो, आमचा बाळू गावठी आहे, उंच आणि खादाड, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते अशा कुत्र्याच्या हिशोबाने. पग किंवा शिह त्झू वाल्यांनी उन्हाचा भाग दोनदा वाचा.

पहिले तर एसी फॅमिली रूमचा विचारच सोडून द्या. मालक ओळखीचा असला तरी शेजारच्या टेबलावर कोणाची तरी आजी बसलेली असते, कोणाचं तरी पोरगं घाबरतं, आणि त्यांचं चुकत पण नाही. आपल्याला पाहिजे बाहेरची बैठक. ती सापडते शहराच्या कडेला, म्हणजे बांभोरीकडे गिरणेचा पूल ओलांडल्यावर, भुसावळ रोडला, अजिंठा रोडला, शिरसोलीकडे. धुळ्याचे लोक असतील तर मुंबई-आग्रा हायवे आहेच. जागा बघताना मी तीन गोष्टी बघतो: रोड आणि बसायची जागा यांच्यात कंपाऊंड किंवा निदान झाडांची रांग आहे का, किचनचा रस्ता आपल्या टेबलाजवळून जातो का, आणि शेजारी लॉन्स किंवा मंगल कार्यालय आहे का. ही तिसरी गोष्ट कोणी लक्षातच घेत नाही. लग्नसराईत शेव भाजी समोर येते आणि त्याच मिनिटाला शेजारच्या लॉनवर वरातीचा डीजे चालू होतो, वरून फटाक्याची लड, मग कुत्रा टेबलाखाली थरथर कापत बसतो आणि तुम्ही पार्सल बांधून निघता. तर दाट तिथीला घरीच बरं.

आता फोन. फोन करायचाच, सरळ जाऊन उभं राहायचं नाही. आणि प्रश्न नीट विचारायचा. ‘भाऊ, सोबत कुत्रा आहे, चालेल का?’ असं विचारलं की समोरून येतं ‘या ना भो, काय टेन्शन नाही’, आणि तिथे गेल्यावर कळतं की त्याच्या मते कुत्रा पार्किंगमध्ये बांधायचा होता. म्हणून असं विचारा: ‘आम्ही जिथे बसू तिथेच तो आमच्या पायाशी बसेल, पट्ट्यात राहील, बाहेरच्या बाजूला कोपऱ्यातलं टेबल मिळेल का?’ म्हणजे हो तर हो, नाही तर नाही. फोन संध्याकाळी करा, कारण दुपारी गल्ल्यावर बसणारा वेगळा आणि रात्री वेगळा, दुपारच्या माणसाने दिलेला शब्द रात्रीच्या माणसाला माहीत नसतो. आणि कोणी नाही म्हटलं तर वाद घालू नका. किचनच्या आसपास जनावर फिरू न देणं ही त्याची जबाबदारी असते, आणि त्याला गिऱ्हाईक पण सांभाळायचं असतं.

वेळ म्हणाल तर साडेसात. आपल्याकडे गर्दी नऊनंतर होते, त्यामुळे साडेसातला गेलात तर कोपरा पण मिळतो, वाढणारी पोरं पण निवांत असतात आणि कुत्र्याला जागेचा वास घ्यायला वेळ मिळतो. रविवार टाळा, मॅचचा दिवस टाळा, ३१ डिसेंबर तर विसरूनच जा.

खाट की टेबल यावर माझं ठाम मत आहे. ढाब्यावर खाटेवर आडवी फळी टाकून त्यावर ताटं ठेवतात ना, ती फळी उंच कुत्र्याच्या बरोबर नाकासमोर येते. बाळूला मान पण उचलावी लागत नाही, हनुवटी फळीवर टेकवली की समोर भाकरी. लॅब, जर्मन शेफर्ड, आपले उंच गावठी, यांना घेऊन गेलात तर टेबल-खुर्चीच घ्या. लहान कुत्रा असेल तर खाट मस्त, खाटेखाली जाऊन झोपून राहतो. आणि पट्टा प्लास्टिकच्या खुर्चीला कधीच बांधायचा नाही. मांजर दिसली की कुत्रा पळतो, मागून खुर्ची खडखड करत येते, त्या आवाजाने तो अजून घाबरून जोरात पळतो, आणि समोर हायवे. पट्टा स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवा किंवा कमरेला अडकवा. चार-पाच फुटांचा साधा पट्टा पुरे, तो लांब होत जाणारा पट्टा अशा जागी नको. गाडीतून उतरवताना पण पट्टा आधी हातात घ्यायचा, मग दार उघडायचं, आणि दार रोडच्या उलट्या बाजूचं.

बसायच्या आधी एक फेरी मारा आणि ढाब्याचे स्वतःचे कुत्रे कुठे आहेत ते बघा. प्रत्येक ढाब्यावर दोन-तीन असतातच, उष्ट्यावर वाढलेले, आणि ती जागा त्यांची असते, तुमचा बाळू तिथे पाहुणा. ते आधी लांबून बघतात, मग एक जण शेपूट ताठ करून जवळ येतो. अशा वेळी आपला पट्टा एकदम ताणला की आपल्या कुत्र्याला वाटतं काहीतरी गडबड आहे आणि तो भुंकायला लागतो. पट्टा ढिला ठेवून शांतपणे बाजूला व्हा, पाठीमागे भिंत येईल असं टेबल घ्या म्हणजे मागून कोणी येत नाही, आणि वाढणाऱ्या पोराला सांगा ‘दादा, तेवढं त्यांना तिकडे घे’. तो त्या कुत्र्यांना नावाने ओळखतो. त्या कुत्र्यांना आपल्या टेबलावरून काही टाकू नका, टाकलंत तर जेवण संपेपर्यंत गोल करून बसतील आणि भांडण तिथेच होईल. रेबीजचं इंजेक्शन वेळेवर झालेलं पाहिजे हे सांगायला नको, लसीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कोणी ‘चावस का रे भो?’ विचारलं तर दाखवायला कामात येतो. आणि कोणाला चावलंच, अगदी नुसती ओरखड जरी असली, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा, हळद-चुना काही लावायचं नाही.

आता खाण्याचं, आणि इथेच आपल्या खान्देशी जेवणाची खरी अडचण आहे. शेव भाजीचा रस्सा म्हणजे भाजलेला कांदा, खोबरं, लसूण आणि तिखट. भरीत म्हणजे लसूण, हिरवी मिरची आणि वरून कांद्याची पात. काळ्या मसाल्याच्या मटणात तर सगळंच. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्याने किंवा तळल्याने ते विष जात नाही. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी त्रास होऊ शकतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, एक छोटा कांदा झाला. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत, तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल पडतो, हिरड्या फिक्या होतात, लघवी लालसर-तपकिरी होते, तोपर्यंत आपण ढाबा विसरलेलो असतो. म्हणून ‘एक घास रस्सा-भाकरी दे ना त्याला, बघ कसा बघतोय’ म्हणणाऱ्या मावशींना हात जोडून नाही म्हणा.

मग द्यायचं काय? कोरडी भाकरी, ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेली), पण मीठ-तेल न लावता. ऑर्डर देतानाच सांगायचं, ‘एक भाकर साधी, काही लावू नको’. अंडी असतील तर उकडलेलं अंडं. साधं दही दोन चमचे. केळं तर आपलं घरचंच पीक, दोन-तीन काप चालतात, अख्खा डझन नाही. बाकी अर्धं जेवण घरीच देऊन आणा, भुकेला कुत्रा ढाब्यावर आणला की तो दर मिनिटाला उठतो. आणि हे सगळं द्रोणात द्यायचं किंवा घरून आणलेल्या वाटीत. हॉटेलच्या ताटात कधीच नाही! एकदा शेजारच्या टेबलाने कुत्र्याला स्टीलच्या ताटात खाताना पाहिलं की त्या हॉटेलात तुमचाच काय, कोणाचाच कुत्रा परत येऊ देणार नाहीत. पाणी पण स्वतःच्या वाटीतच.

जमिनीवर काय पडलंय ते बघून मगच बसा. नॉनव्हेज ढाब्यावर लोक हाडं खालीच टाकतात, आणि शिजलेलं हाड चावलं की त्याचे टोकदार तुकडे होतात, घशात-आतड्यात घुसतात. पावसाळ्यात खाऊन फेकलेला भुट्टा त्याहून वाईट, कुत्रा ते मधलं दांडकं गिळतो आणि ते आतड्यात अडकलं तर ऑपरेशनशिवाय निघत नाही. उन्हाळ्यात आंब्याच्या कोयीचं पण तेच. ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातलं सोडायची सवय घरी लावा, बाकी ‘शेकहँड’ वगैरे नाही शिकवलं तरी चालेल.

उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो, भुसावळवाल्यांना तर सांगायलाच नको. दुपारी कुत्र्याला घेऊन निघायचंच नाही, आणि रात्री आठला पण डांबर आणि पेव्हर ब्लॉक तापलेले असतात, हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजाला पण नाही सोसवणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की धोका. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या जातात असं दिसलं तर तिथेच साधं पाणी अंगावर ओता, पंख्यासमोर घ्या आणि डॉक्टरकडे निघा, घरी जाऊन बघू म्हणू नका. बंद गाडीत पाच मिनिटं पण ठेवायचं नाही, काच दोन बोटं खाली असली तरी. रसवंतीवर उभं राहिलात तर उसाचा रस तुम्ही प्या, त्याला पाणी.

पण खरा सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि खरी जागा म्हणाल तर हॉटेल नाहीच, शेतातली भरीत पार्टी. आसोदा-बामणोदकडची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, नानांचं शेत, कुत्र्याला कोणाची परवानगी लागत नाही. तरी तिथे पण मोकळा सोडू नका असं मी म्हणेन, आणि लोक माझ्यावर हसतात. कारण शेतात कठडा नसलेली विहीर असते. कपाशीवर काल-परवाच फवारणी झालेली असते आणि औषधाची बादली बांधावर तशीच पडलेली असते. उंदरांसाठी ठेवलेलं औषध असतं, रानडुकरांसाठी कोणी तारेत करंट सोडलेला असतो, तो बेकायदेशीर असला तरी सोडतात. आणि वांगी भाजून झाल्यावर ती राख वरून पांढरी, गार दिसते पण आत निखारे असतात, कुत्रा वांग्याच्या वासाने थेट तिथे पाय टाकतो. लांब दोरी लावून लिंबाच्या झाडाखाली बांधा, जाळापासून लांब, आणि लसूण-मिरची कुटायला घ्यायच्या आधीच त्याच्यासाठी भाजलेल्या वांग्याचा छोटासा गर बाजूला काढून गार करून द्या. मीठ नाही, तेल नाही. बाळू त्याच्याकडे बघत पण नाही, त्याला पुरीच पाहिजे असते, तो भाग वेगळा.

सोबत न्यायच्या पिशवीत जुनी चादर (ओळखीचा वास असला की कुत्रा तिच्यावर पटकन बसतो), पाण्याची बाटली, वाटी, जुने पेपर आणि पिशव्या घाण उचलायला, आणि चघळायला एखादं खेळणं. घाण आपणच उचलायची, ‘माती आहे, काय होतं’ चालणार नाही, सकाळी तिथे झाडणारी बाई असते. बिल देताना वाढणाऱ्या पोराच्या हातात वेगळे काहीतरी ठेवा, कारण पुढच्या वेळी तुम्हाला कोपऱ्यातलं टेबल द्यायचं की ‘फुल आहे’ सांगायचं हे मालकापेक्षा तोच ठरवतो. मोठ्या जातीचा कुत्रा असेल तर खाल्ल्यावर तास-दीड तास पळवू-खेळवू नका, छाती खोल असलेल्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो, पोट टम्म झालं आणि उलटीचा जोर करून काही निघत नसेल तर रात्र असो की पहाट, डॉक्टरला फोन लावायचा. तो नंबर निघायच्या आधीच सेव्ह करा, आणि रात्री उचलतात का ते पण एकदा विचारून ठेवा.